कारेन डोंगरांतला मेजर सीग्रिम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाच्या आघाडीविषयी लिहिताना मेजर ह्यू सीग्रिम या ब्रिटिश अधिकाऱ्याचा दोनच ओळींचा उल्लेख आला होता. १९४२ मध्ये इंग्रजांची फौज ब्रह्मदेशातून माघारी आली तेव्हा हा अधिकारी शत्रूच्या मुलखात मागे राहिला, कारेन या तिथल्या डोंगरी जमातीच्या आधाराने त्याने दोन वर्षे गुप्त काम केले आणि अखेर त्या लोकांचा छळ थांबावा म्हणून तो स्वतः जपान्यांच्या स्वाधीन झाला, एवढेच त्यात सांगितले होते. त्या दोन ओळींवर विदर्भाच्या गावागावांतून पत्रे आली आणि त्यांतली बरीचशी इतकी नेमकी होती की या वेळचे सदर या एकाच माणसासाठी देणे योग्य वाटले. प्रश्नकर्त्यांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : हा सीग्रिम मूळचा कोण, आणि सारी फौज निघून जात असताना त्याला एकट्याला मागे कोणी ठेवले? — निवृत्त शिक्षक, तळेगाव, ता. आष्टी, जि. वर्धा

ह्यू पॉल सीग्रिमचा जन्म १९०९ मध्ये इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. पुढे नॉरफक परगण्यातील व्हिसनसेट या लहान खेड्यातल्या चर्चचे काम त्यांच्याकडे आले, त्यामुळे पाच भावांत सर्वांत धाकटा असलेला ह्यू शेतीवाडीच्या मुलखातच वाढला. त्याच्या मनात डॉक्टर व्हायचे होते, परंतु घरच्या परिस्थितीला तो खर्च झेपणारा नव्हता, म्हणून त्याने सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयाची वाट धरली आणि तेथून तो हिंदुस्थानी सैन्यात दाखल झाला. काही काळाने त्याची रवानगी बर्मा रायफल्स या पलटणीत झाली. त्या पलटणीत कारेन, काचिन आणि चिन या डोंगरी जमातींचे जवान असत. सीग्रिमच्या वाट्याला कारेन जवान आले, त्यांची भाषा तो शिकला, त्यांच्याबरोबर फुटबॉल खेळला आणि त्या लोकांत तो असा रमला की पुढच्या साऱ्या गोष्टी त्यातूनच घडल्या.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि जानेवारी १९४२ मध्ये सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, बाजूने त्याच्या फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. त्याच सुमारास साल्वीन नदीच्या खोऱ्यातील पापुन भागात कारेन गावकऱ्यांची पथके उभी करण्याचे काम सीग्रिमकडे सोपवण्यात आले. आघाडी मागे सरकली तरी या पथकांनी शत्रूच्या पाठीमागे राहून त्याला सतावावे, अशी कल्पना होती. म्हणजे मागे राहण्याचा हुकूम कामातच होता. परंतु हुकूम देणाऱ्यांची सत्ता पुढच्या चार महिन्यांत ब्रह्मदेशातून उखडली गेली. २३ फेब्रुवारीला सितांग नदीवरचा पूल आपलेच निम्मे सैन्य पलीकडच्या काठावर असताना इंग्रजांनी उडवून दिला, ८ मार्चला रंगून पडले आणि मे महिन्यात उरलेली फौज पायी चालत आसाम-मणिपूरच्या वाटेला लागली. त्या वाताहतीत एखादा अधिकारी डोंगर उतरून हिंदुस्थानात आला असता तर त्याला कोणी जाब विचारला नसता. सीग्रिम आला नाही.

माघारीच्या त्या दिवसांतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बर्मा रायफल्समधील पुष्कळशा कारेन जवानांना त्यांच्या अधिकाऱ्यांनी एक बंदूक, ५० काडतुसे आणि तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवून घरी जायला सांगितले. आम्ही परत येऊ, तोवर थांबा, असा निरोप दिला. हे जवान आपापल्या गावी गेले, बंदुका दडवून ठेवल्या आणि वाट पाहू लागले. परत येण्याचा शब्द देणारे अधिकारी हिंदुस्थानात पोहोचले होते, आणि त्या शब्दाला जामीन राहिल्यासारखा एक माणूस मात्र त्या डोंगरांतच होता. सीग्रिमच्या मागे राहण्याचा खरा अर्थ मला यात दिसतो.

प्रश्न : वायरलेस नाही, फौज नाही, रसद नाही, तर तो तेथे नेमके करत काय होता? चित्रपटांत दाखवतात तसे पूल उडवणे, छापे घालणे, असे काही त्याने केले का? — महाविद्यालयीन विद्यार्थी, दारव्हा, जि. यवतमाळ

आपण प्रश्नात जे गृहीत धरले आहे ते अगदी स्वाभाविक आहे. गुप्त कारवाई म्हटली की स्फोट आणि पाठलाग डोळ्यांपुढे येतात. सीग्रिमच्या कामाचा मोठा भाग मात्र लढाई होऊ न देण्याचा होता. हाती थोड्या जुन्या बंदुका आणि मोजकी काडतुसे असताना एखाद्या जपानी तुकडीवर छापा घालणे कठीण नव्हते, परंतु त्याचा सूड दुसऱ्या दिवशी जवळच्या गावावर उगवला गेला असता. म्हणून माणसे जोडून ठेवायची, कोणाकडे कोणते हत्यार आहे याचा अंदाज ठेवायचा, जपानी फौजेच्या हालचाली पाहायच्या आणि इंग्रजी फौज परत फिरेल त्या दिवशी एकदम उठाव करता येईल अशी तयारी ठेवायची, हे त्याचे काम होते.

असे काम करणाऱ्या माणसाचे जगणे कसे असते ते पाहा. तो गावात राहत नसे, गावाबाहेरच्या रानात बांबूच्या आडोशाला राही. भात आणि भाजीपाला गावातून येई. अंगात कारेन लोकांचा सदरा असे. परंतु उंची सहा फूट चार इंच, त्यामुळे वेषांतराचा फारसा उपयोग नव्हता. ठेंगण्या बांध्याच्या त्या लोकांत तो लांबूनही ओळखू येई, आणि तिथल्या माणसांनी त्याचे नावच ‘लांब टांगांचा आजोबा’ असे ठेवले होते. वय तेहेतीस, तरी आजोबा. कारण त्या समाजात हा मान देण्याचा रिवाज होता. एवढा ठळक दिसणारा माणूस दोन वर्षे सापडला नाही याचे श्रेय त्याच्या चातुर्यापेक्षा गावकऱ्यांच्या मौनाला अधिक द्यावे लागेल. संध्याकाळी तो त्यांच्याबरोबर बायबल वाचत असे. युद्ध संपल्यावर याच डोंगरांत धर्मोपदेशक म्हणून परत यावे, असा त्याचा विचार होता.

हिंदुस्थानशी त्याचा संपर्क वर्षाहून अधिक काळ तुटलेला होता. तो जिवंत आहे की नाही, हेही येथे कळत नव्हते. ब्रिटनने १९४० मध्ये शत्रूच्या मुलखात घातपात आणि बंडाळी घडवण्यासाठी ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ नावाची गुप्त संघटना उभारली होती. तिच्या हिंदुस्थानातील शाखेचे मुख्यालय मेरठला होते आणि प्रमुख कॉलिन मॅकेन्झी हा मूळचा कापड धंद्यातला मुलकी गृहस्थ होता. हीच शाखा पुढे ‘फोर्स १३६’ या नावाने ओळखली गेली. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिने सीग्रिमच्या शोधासाठी काही कारेन जवान पॅराशूटने उतरवले. ऑक्टोबर १९४३ मध्ये जिमी निम्मो हा अधिकारी वायरलेस घेऊन उतरला आणि तेव्हा कुठे डोंगरातून हिंदुस्थानला नियमित संदेश जाऊ लागले. त्याच्यामागोमाग एरिक मॅक्रिंडल हा आणखी एक अधिकारी आला. जपानी फौजेच्या हालचालींची जी माहिती इतके दिवस सीग्रिमजवळ नुसती साठत होती, ती आता उपयोगी पडू लागली.

आपल्या भागाशी जवळचे एक उदाहरण देतो, म्हणजे फरक स्पष्ट होईल. १९४२ च्या पावसाळ्यात ब्रिगेडियर ऑर्ड विंगेट याने आपल्या ‘चिंडिट’ सैनिकांना सागरच्या जंगलात शिक्षण दिले. सागर जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या आपल्याच प्रांतात होता. पुराने तळ बुडून जवानांना झाडांवर चढून बसावे लागले, मोठ्या संख्येने माणसे आजारी पडली, तरी शिक्षण थांबले नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये सुमारे ३,००० माणसे घेऊन विंगेट चिंदविन नदी ओलांडून गेला, रेल्वेमार्ग उखडले आणि काही महिन्यांत परतला. सुमारे ८०० माणसे परत आली नाहीत. विंगेटचे नाव जगभर झाले. तो शत्रूच्या मुलखात शिरला, घाव घातला आणि बाहेर पडला. सीग्रिमला बाहेर पडायचेच नव्हते, आणि ज्याला लोकांत राहायचे आहे त्याला घाव घालताना त्या लोकांचे पुढे काय होईल याचा विचार आधी करावा लागतो. मला दुसरे काम अधिक कठीण वाटते.

प्रश्न : आमच्याकडे जुनी माणसे ‘बेरार पलटण’ म्हणून एक नाव सांगतात. सीग्रिम त्याच पलटणीतला होता असे वाचले. मग त्याच्याबरोबर वऱ्हाडचे जवान होते का? — गृहिणी, अचलपूर, जि. अमरावती

सीग्रिमची नेमणूक १९व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये होती हे खरे आहे, आणि त्या रेजिमेंटच्या एका बटालियनला ‘बेरार’ हे नाव होते हेही खरे आहे. तिची मुळे आपल्याच एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस एलिचपूरच्या नवाब सलाबतखानाने जी पथके ठेवली होती, ती पुढे निजामाच्या फौजेत आली आणि तेथून इंग्रजांच्या सैन्यात. याच रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. परंतु विसाव्या शतकात तिच्यात भरती कुमाऊँ, अहिर, जाट यांची होत असे, आणि सीग्रिम तर तिच्यातून बर्मा रायफल्सकडे गेलेला होता. तेव्हा कारेन डोंगरांत त्याच्याबरोबर वऱ्हाडी जवान नव्हते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर इतर पलटणींतून आपल्या भागातली माणसे गेली, त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

प्रश्न : १६ ऑगस्ट १९४२ ला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, याच इंग्रज सरकारच्या पोलिसांनी आमच्या चिमुरात गोळ्या घातल्या आणि नंतर फौज आणून घराघरांत जे केले ते आमच्या आजीने डोळ्यांनी पाहिले होते. त्या सरकारच्या अधिकाऱ्याचे कौतुक आम्ही का वाचावे? — शेतकरी, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

आपल्या पत्राने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला, आणि आपला प्रश्न मी पूर्णपणे मान्य करूनच उत्तर देतो.

तारखा शेजारी मांडल्या की आपल्या रागाचे कारण स्पष्ट दिसते. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथे लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी आणि पोलीस मारले गेले आणि त्यानंतर चिमूरवर लष्कर आणि पोलीस सोडण्यात आले. तेथील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळी यांनी प्रदीर्घ उपोषण केले, तरी सरकारने चौकशी केली नाही. तुकडोजी महाराजांना तुरुंगात टाकले. अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावण्यात आल्या, आणि त्या जन्मठेपेत बदलून घेण्यासाठी देशभर आवाज उठवावा लागला. हे सर्व सीग्रिम कारेन डोंगरांत लपून बसला होता त्याच काळात घडले. ज्या सरकारने त्याला पगार दिला, पुढे पदक दिले, तेच सरकार हे करत होते.

सीग्रिमला हे ठाऊक नव्हते, असे म्हणून मी त्याची सुटका करणार नाही. तो साम्राज्याचा अधिकारी होता. कारेन लोकांनी इंग्रजांवर टाकलेला विश्वासही साम्राज्याने पेरलेल्या भेदातूनच उगवलेला होता, कारण बर्मी लोकांना दूर ठेवून डोंगरी जमातींची पलटणींत भरती करणे हे सरकारचे ठरलेले धोरण होते. १९४२ मध्ये जपान्यांबरोबर आलेल्या बर्मा इंडिपेंडन्स आर्मीच्या तुकड्यांनी कारेन गावांत हत्या केल्या, त्यामागेही तोच जुना भेद होता. बर्मी पुढारी आंग सान आणि त्यांचे सहकारी आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होते, आपल्या आझाद हिंद फौजेचे जवानही पुढे त्याच भूमीवर लढले. त्यांच्या बाजूने पाहिले तर सीग्रिम शत्रूच होता.

तरीही मी त्याच्याविषयी लिहितो, ते एका कारणासाठी. चिमुरात ज्या अधिकाऱ्यांनी हुकूम दिले, त्यांच्यापैकी कोणीही गावकऱ्यांच्या जिवाची किंमत स्वतः मोजली नाही. सत्तेच्या नोकरीत राहून अशी किंमत मोजणारी माणसे फार थोडी होतात. सीग्रिम मार्च १९४४ मध्ये स्वाधीन झाला, त्या वेळी त्याला वाचवणारे लोक त्याच्या धर्माचे किंवा जमातीचे आहेत म्हणून नव्हे, तर ते त्याच्यामुळे मार खात आहेत म्हणून तो डोंगर उतरला. आपल्या आजींनी जे पाहिले त्यावर याने पांघरूण पडत नाही. उलट, हुकूम देणाऱ्याने कसे वागायला हवे होते याचे एक माप आपल्या हाती येते, आणि त्या मापाने चिमूरच्या अधिकाऱ्यांची नोंद अधिकच काळी दिसते.

प्रश्न : आमचा भाग असा आहे की रात्री जंगलातून बंदूकवाले येऊन भात मागत आणि सकाळी दुसरे बंदूकवाले येऊन कोणी जेवू घातले ते विचारत. नाही म्हणावे तर मरण, हो म्हणावे तर मरण. कारेन लोकांचे काय झाले ते सविस्तर सांगा. आणि सीग्रिम शरण गेला ते बरोबर केले का? नाव व गाव छापू नये. — जि. गडचिरोली

आपण जे लिहिले आहे ते या विषयावरच्या पुष्कळ ग्रंथांत सापडत नाही. गुप्त कारवाईचा इतिहास बहुधा बंदूकवाल्याच्या बाजूने लिहिला जातो. भात देणाऱ्याची बाजू त्यात एका ओळीत उरकली जाते, ‘स्थानिकांनी सहकार्य केले’ अशी. म्हणून कारेन गावांचे काय झाले ते येथे शक्य तितके सांगतो.

विमानांतून माणसे आणि सामान उतरू लागले, तशी एका लांब इंग्रजाची वार्ता जपान्यांच्या कानी गेली. जपानी लष्करी पोलीस, ज्यांना केम्पेताई म्हणत, डोंगरांत शिरले. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांनी निम्मो आणि मॅक्रिंडल यांना गाठून ठार केले. सीग्रिम निसटला. त्यानंतर धरपकड सुरू झाली ती गावकऱ्यांची. निदान २७० कारेन पकडले गेले, त्यांत गावांचे मुखिया आणि वडीलधारी माणसे होती. त्यांचा अमानुष छळ झाला आणि अनेकांना मारण्यात आले. छळामागे एकच प्रश्न होता: तो कोठे आहे? इतके होऊनही गावे त्याला आसरा देतच राहिली.

आपल्या अनुभवाशी एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. कारेन गावांनी सीग्रिमला बंदुकीच्या धाकाने आसरा दिला नव्हता. घरातली मुले पूर्वी त्याच्या हाताखाली होती, तो त्यांच्या भाषेत बोलत होता आणि त्यांच्या प्रार्थनेत बसत होता. तरीही आपण विचारलेला प्रश्न राहतोच, कारण एका घरातल्या कर्त्या पुरुषाने आपण होऊन आसरा दिला म्हणून त्याच्या शेजाऱ्याने, म्हाताऱ्या आईने आणि लहान लेकरांनीही तो दिला असे होत नाही. सूड घेणारे हा भेद करत नाहीत. पाहुण्याचा प्रत्येक दिवस साऱ्या गावाच्या नावावर कर्जासारखा चढत होता, आणि वसुलीला आलेल्यांनी घर पाहिले नाही.

जपान्यांनी कारेन माणसांकरवी सीग्रिमपर्यंत निरोप पोहोचवला की तो स्वाधीन झाला तर गावांचा छळ थांबेल. १५ मार्च १९४४ च्या सुमारास तो स्वाधीन झाला. त्याला रंगूनला नेऊन इतर कैद्यांबरोबर तुरुंगात ठेवले. सप्टेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने त्याला आणि त्याच्याबरोबरच्या कारेन साथीदारांना मृत्युदंड सुनावला. तेव्हा त्याने सांगितले की या माणसांनी केवळ माझे हुकूम पाळले, ते निर्दोष आहेत, शिक्षा मला एकट्याला द्या. त्यावर साथीदारांनी आपण त्याच्याबरोबर मरायला तयार असल्याचे सांगितले. २२ सप्टेंबर १९४४ रोजी त्याला आणि सात कारेन साथीदारांना मारण्यात आले. वय पस्तीस.

आता त्याने बरोबर केले का. लष्करी नियमाने पाहिले तर अनेक अधिकारी नाही म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही. ज्याच्या डोक्यात सगळी नावे, सगळे लपवलेले साठे आहेत, तो माणूस छळ करणाऱ्यांच्या हाती आपण होऊन जातो तेव्हा जी माणसे अजून पकडली गेलेली नाहीत त्यांना तो धोक्यात टाकतो. शिवाय शत्रूच्या शब्दाचा भरवसा तो काय धरायचा! एकदा ही युक्ती फळली की शत्रू तीच पुन्हा वापरणार, हाही मुद्दा आहे.

हे सर्व तोलूनही त्याने बरोबर केले असे मी मानतो. निम्मो आणि मॅक्रिंडल मारले गेल्यावर त्याच्या हातातले काम मोडले होते. आता तो रानात टिकून राहिला असता तर त्यातून युद्धाला काही मिळण्यासारखे नव्हते, फक्त त्याचा जीव वाचला असता आणि त्यासाठी रोज कोणाची तरी पाठ फोडली गेली असती. शिवाय, आसरा मागणाऱ्याला हा हिशेब चुकवता येत नाही. ज्या दिवशी त्याने गावातले पहिले ताट घेतले, त्या दिवशीच हा दिवस केव्हातरी येणार हे त्याच्यासारख्या माणसाला उमगले असले पाहिजे. तो आला तेव्हा त्याने तोंड फिरवले नाही. पहिले ताट घ्यावे की नाही, हा त्याच्याही आधीचा प्रश्न आहे, आणि तेथे मी आपल्याशी सहमत आहे: त्याला तेथे ठेवणाऱ्या मेरठच्या, दिल्लीच्या आणि लंडनच्या कचेऱ्यांनी तो प्रश्न कारेन म्हाताऱ्यांना विचारला नव्हता.

प्रश्न : सीग्रिमच्या भावालाही मोठे पदक मिळाले होते का? — शालेय विद्यार्थिनी, आर्णी, जि. यवतमाळ

होय. त्याचा थोरला भाऊ लेफ्टनंट कर्नल डेरेक सीग्रिम याने मार्च १९४३ मध्ये ट्युनिशियातील मारेथ येथील लढाईत जे शौर्य दाखवले त्यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. पुढच्याच महिन्यात तो लढाईत मारला गेला. ह्यूला सप्टेंबर १९४६ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. प्रत्यक्ष रणांगणावर शत्रूशी लढताना केलेल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस देतात, इतर प्रसंगी दाखवलेल्या तितक्याच मोठ्या धैर्यासाठी जॉर्ज क्रॉस. एका भावाला एक आणि दुसऱ्याला दुसरे, असे हे एकच घर आहे.

प्रश्न : सीग्रिम गेला, पदक मिळाले. कारेन लोकांना काय मिळाले? — शिक्षिका, तिरोडा, जि. गोंदिया

आधी त्यांनी काय दिले ते सांगतो. सीग्रिमच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच ‘फोर्स १३६’ने त्याच डोंगरांत पुन्हा अधिकारी उतरवले. या मोहिमेचे सांकेतिक नाव ‘कॅरेक्टर’ होते. सुमारे १२,००० कारेन उठले. सीग्रिमने दोन वर्षे जी माणसे जोडून ठेवली होती, ज्यांनी इतका मार खाऊनही तोंड उघडले नव्हते, त्या मुलखातूनच हा उठाव झाला. एप्रिल १९४५ मध्ये इंग्रज सेनापती जनरल स्लिमची फौज रंगूनकडे धावत होती आणि वाटेतले तौंगू शहर आधी गाठण्यासाठी जपानची १५वी डिव्हिजन डोंगरातल्या रस्त्याने निघाली होती. कारेनांनी रस्ते आणि पूल तोडले, वळणावळणावर दबा धरून तिला अडवले. स्लिमचे रणगाडे २२ एप्रिलला तौंगूत पोहोचले, जपानी पोहोचू शकले नाहीत आणि मेच्या सुरुवातीला, पाऊस ऐन भरात येण्यापूर्वी, रंगून हाती आले. मोठ्या फौजेच्या विजयात डोंगरी गावकऱ्यांचा वाटा इतका स्पष्ट दाखवता येईल अशी उदाहरणे फार नाहीत.

मिळाले ते फारच थोडे. आपले वेगळे राज्य व्हावे, निदान आपल्या प्रदेशाला हमी मिळावी, अशी कारेन पुढाऱ्यांची मागणी होती. १९४६ मध्ये त्यांचे शिष्टमंडळ लंडनला गेले. तेथे त्यांचे स्वागत झाले, हमी मिळाली नाही. ब्रिटनने पुढे जानेवारी १९४७ मध्ये आंग सान यांच्याशी करार करून देश सोडण्याचे ठरवले, आणि स्वतंत्र होणाऱ्या देशाच्या अंतर्गत व्यवस्थेत आपण पडू शकत नाही असा पवित्रा घेतला. ब्रह्मदेशाचे स्वातंत्र्य हा तेथील जनतेचा हक्क होता, त्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु ‘थांबा, आम्ही परत येऊ’ असे सांगून ज्यांच्या हाती बंदुका दिल्या, त्यांच्यासाठी निघताना काही पक्की व्यवस्था करणे हे ब्रिटनचे देणे होते आणि ते फेडले गेले नाही. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. जानेवारी १९४९ च्या अखेरीस कारेन आणि रंगूनचे सरकार यांच्यात युद्ध पेटले. साल्वीनच्या काठची, पापुनच्या परिसरातली गावे पुढच्या दशकांत पुन्हा पुन्हा जळाली, आणि तेथून निघालेली कुटुंबे थायलंडच्या सरहद्दीवरील छावण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. सीग्रिमला रंगूनच्या युद्धस्मशानभूमीत पुरले आहे. तो लपून राहिला ते डोंगर आजही त्याच लढाईत आहेत.